थंडीत नदीकाठी निघताय? सांगली–औदुंबर–ब्रह्मनाळ–हरिपूर : कृष्णाकाठचा एक दिवस आणि मगर बघायची रीत

सांगली : डिसेंबर-जानेवारी आला की कृष्णाकाठ बदलतो. पहाटे उसावर धुकं बसलेलं असतं, रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, आणि सूर्य कासराभर वर आला की नदीच्या मळईवर काहीतरी लांबलचक, मातकट असं येऊन पडतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं पुरात वाहून आलेला ओंडका आहे. मग ओंडका तोंड उघडतो.

पलूस, वाळवा, मिरज या तालुक्यांतल्या नदीकाठच्या माणसाला मगर नवी नाही. तरी दर थंडीत तोच प्रकार होतो. कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढतो, तो गावच्या ग्रुपवर फिरतो, काठावर पन्नास माणसं जमतात, दोघं-चौघं दगड मारतात आणि मगर पाण्यात जाते. बघायचं राहूनच जातं. वर भीती तेवढी शिल्लक राहते.

नदी आपल्या दारात आहे. गाडीवर एक दिवस काढला तर मगर, कासव, लांबून आलेले पाहुणे पक्षी असं बरंच काही बघायला मिळतं, तेही कुणाला धोका न होता. कुठं थांबायचं, काय बघायचं, किती लांबून बघायचं आणि नदीवर रोज काम असणाऱ्यांनी या दिवसांत काय सांभाळायचं, ते सगळं इथं एकत्र दिलं आहे.

थंडीच का?

मगर थंड रक्ताचा प्राणी. आपलं अंग आतून तापतं, तिचं तापत नाही. ऊब बाहेरूनच घ्यावी लागते. रात्रभर नदीचं पाणी गार पडतं, मगरीचं अंगही गार पडतं. पोटात गेलेलं अन्न पचवायलासुद्धा तिला ऊब लागते. म्हणून ऊन तापलं की ती पाण्याबाहेर येते आणि तासन् तास पडून राहते. उन्हाळ्यात हाच प्राणी दुपारभर पाण्यात नाहीतर काठाच्या बिळात असतो, दिसत नाही. पावसाळ्यात नदी गढूळ आणि दुथडी, तेव्हा तर शक्यच नाही. म्हणजे मगर लांबून आणि नीट दिसायची वेळ वर्षातून एकदाच येते, ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

दुसरं कारण पक्ष्यांचं. ऑक्टोबरनंतर उत्तरेकडून बदकं, धोबी, तुतारी असे पक्षी आपल्याकडं उतरतात आणि मार्चच्या आसपास परत फिरतात. तिसरं कारण साधंच आहे. पाणी निवळलेलं असतं, मळया उघड्या पडलेल्या असतात आणि हवा बरी असते.

निघताना

फार काही लागत नाही. दुर्बीण असेल तर उत्तम, नसेल तर मोबाईलचा झूम चालतो. कपडे मळखाऊ रंगाचे घालावेत. लाल-पिवळा शर्ट पक्ष्यांना लांबून दिसतो. पाणी, भाकरी सोबत असावी. पोरं बरोबर असतील तर आधीच सांगून ठेवायचं, गाडीतून उतरल्यावर पळत नदीकडं जायचं नाही.

वेळेचा हिशेब असा. पक्षी बघायचे तर सकाळी लवकर, मगर बघायची तर साधारण नऊ-दहानंतर ऊन चढल्यावर. धुक्यात निघालात तर उसाच्या गाड्यांपासून सावध राहा. बऱ्याच ट्रॉल्यांना मागं लाल दिवा नसतो.

सकाळ : अंकलखोप, औदुंबर, भिलवडी

सांगलीतून आयर्विन पूल ओलांडून आष्ट्याच्या बाजूला निघायचं आणि पुढं अंकलखोपकडं वळायचं. दोन्ही बाजूला ऊस, मधे हळदीची आणि भाजीची रानं. अंकलखोपला लागूनच औदुंबर, दत्ताचं ठिकाण. नदीच्या पलीकडच्या काठाला भुवनेश्वरीचं देऊळ आहे. घाटाच्या पायरीवर पाण्यापासून लांब, वरच्या बाजूला बसलं तरी नदी दोन्ही अंगांनी दिसते.

सकाळी पहिल्यांदा दिसतो तो पाणकावळा. काळाकुट्ट, पंख पसरून वाळवत बसलेला. बदकासारखे त्याचे पंख कोरडे राहत नाहीत, भिजतात, म्हणून प्रत्येक बुडीनंतर त्याला असं वाळत बसावं लागतं. काठाच्या झाडावर निळा खंड्या असतो. पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांचा कवड्या खंड्या मात्र पाण्यावर एका जागी हवेत फडफडत थांबतो आणि मग दगडासारखा खाली पडतो. चिलापी, मळ्या असे छोटे मासे त्याच्या चोचीत दिसतात.

औदुंबरला एक गोष्ट लक्षात ठेवायची. मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती असते आणि संक्रांतीला इथं साहित्य संमेलन भरतं. दोन्ही वेळा थंडीतच, दोन्ही वेळा गर्दी. बाहेरगावचा माणूस नदी दिसली की अंघोळीला उतरतो. घाटावर रोज वावरणाऱ्या माणसाला कुठं पाणी खोल आहे, कुठं मगर दिसली आहे हे माहीत असतं. पाहुण्याला माहीत नसतं. तेव्हा ज्याला माहीत आहे त्याने दोन शब्द सांगायला हवेत.

औदुंबरहून पूल ओलांडला की भिलवडी. नदी बघायला पूल ही सगळ्यात चांगली जागा. उंचावर असतो, पाण्यापासून लांब असतो आणि दोन्ही काठ दिसतात. फक्त गाडी पुलावर लावायची नाही. ती अलीकडं लावून चालत यायचं. पुलावरून मळईकडं नीट बघितलं तर पहाट-सकाळी ओल्या चिखलात खुणा दिसतात. मधे पोट घासत गेल्याचा रुंद पट्टा, दोन्ही बाजूंना पायांचे ठसे, मधूनच शेपटीची नागमोडी रेघ. मगर वर-खाली करते ती जागा. अशी घसरण एकदा दिसली की समजायचं, ऊन तापल्यावर ती परत तिथंच येणार. मगरीला आपली जागा ठरलेली आवडते.

मगर की सुसर?

गावाकडं दोन्ही शब्द सर्रास वापरले जातात, पण प्राणी दोन आहेत. सुसरीचा जबडा चिमट्यासारखा लांब आणि बारीक. ती जवळजवळ मासेच खाते आणि उत्तरेकडं चंबळसारख्या नद्यांत असते. कृष्णेत ती नाही. आपल्याकडं आहे ती रुंद, बोथट तोंडाची मगर. ही दक्षिणेतल्या नद्या, तळी, डोह यांची मूळची रहिवासी. वाढलेली मगर साधारण आठ-दहा फुटांची, मोठा नर त्याहूनही लांब.

‘मगरी बाहेरून आणून नदीत सोडल्या’ असं दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी म्हणतं. मगर ही या नदीची जुनी जात आहे. शिकारीमुळं देशभर ती इतकी कमी झाली होती की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तिला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत घालावं लागलं, आणि १९७५ मध्ये देशात मगर संवर्धनाचं काम सुरू झालं. कातड्यासाठी होणारी शिकार थांबली तशी ती परत दिसायला लागली.

उन्हात पडलेली मगर तोंड उघडं ठेवते. बघणाऱ्यांना वाटतं चिडली आहे, अंगावर येणार. तसं काही नसतं. अंग तापत आलं की डोकं गार ठेवायला ती तोंड उघडते, जसं कुत्रं धापा टाकतं. ती चिडल्याची खूण वेगळी आहे. अंग फुगवते, फुसकारते, डोकं उचलते. असं दिसलं की आपण फार जवळ आलो आहोत, मागं सरायचं.

उन्हात निवांत पडलेली, आपल्याला स्पष्ट दिसणारी मगर धोक्याची नसते. धोका असतो तो न दिसणाऱ्या मगरीचा. मगर पळत येऊन शिकार करत नाही, दबा धरून करते. डोळे, कान आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूला असल्यामुळं सगळं अंग पाण्याखाली ठेवून ती बघू, ऐकू आणि श्वास घेऊ शकते. पूर्ण बुडून अर्धा-पाऊण तास, गरज पडली तर त्याहून जास्त वेळ राहते. काठाला कुणी रोज एकाच जागी, एकाच वेळेला येतं हे तिच्या लक्षात येतं. पाण्याकडं वाकून बसलेलं माणूस तिला उभ्या माणसासारखं मोठं दिसत नाही, कुत्र्या-शेळीएवढंच दिसतं. म्हणून धुणं धुणारी बाई, भांडं भरणारं पोर आणि कमरेएवढ्या पाण्यात जाळं लावणारा माणूस यांना धोका सगळ्यात जास्त.

दुपार : ब्रह्मनाळचा संगम

भिलवडीहून नदीच्या काठाकाठानं खटाववरून ब्रह्मनाळला जाता येतं. इथं येरळा कृष्णेला मिळते. २०१९ च्या महापुरात बोट उलटून माणसं गेली ते हे गाव. नदी किती देते आणि किती नेते हे इथल्या लोकांना वेगळं सांगावं लागत नाही.

दोन नद्या मिळतात तिथं गाळ साठतो, उथळ पाणी होतं, आणि उथळ पाण्यात पक्ष्यांचं जेवण असतं. काळी शराटी चिखलात वाकडी चोच खुपसत फिरते. उघड्या चोचीचा करकोचा शिंपले-गोगलगायी फोडतो. त्याच्या चोचीत मधे जी फट दिसते ती त्याच कामाची. शेपूट वरखाली करत पळणारा धोबी हा थंडीचा पाहुणा. नशीब असलं तर केशरी-तपकिरी रंगाच्या चक्रवाक बदकांची जोडी दिसते. ही बदकं लडाख-तिबेटच्या बाजूच्या उंच तलावांवर पिल्लं काढतात आणि हिमालय ओलांडून इकडं येतात. एवढा प्रवास करून आलेल्या पाखराला आपण दगड मारून उडवायचं का, हे पोरांना एकदा विचारून बघावं.

पाण्यावरून चिरचिर ओरडत जाणारा, पिवळी चोच आणि काळी टोपी असलेला राखाडी पक्षी म्हणजे नदी सुरय. तो इथलाच, बारमाही. तो घरटं बांधतच नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला नदीतल्या वाळूच्या बेटावर नुसता खळगा करून अंडी घालतो. अंडी वाळूच्याच रंगाची. वाळू उपसली की घर गेलं आणि बेटावर कुत्री पोचली की अंडी गेली. कृष्णेत वाळूचे पट्टे आता थोडेच उरले आहेत, त्यामुळं जिथं असतील तिथं फेब्रुवारीनंतर पाय न ठेवलेला बरा.

कासव : दिसलं तर नशीब

दुपारी खडकावर किंवा अर्ध्या बुडालेल्या लाकडावर चपटं, गुळगुळीत पाठीचं कासव ऊन खात बसतं. आपल्या नद्यांत मऊ पाठीची कासवं आहेत. त्यातलं मोठं, लांब नाकाचं कासव फक्त दक्षिण भारतातल्या नद्यांत सापडतं, जगात दुसरीकडं कुठंच नाही. खाण्यासाठी आणि चोरट्या व्यापारासाठी ते इतकं पकडलं गेलं की २०२२ मध्ये पनामा देशात झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत भारताने प्रस्ताव मांडून त्याच्या व्यापारावर सगळ्यात कडक बंदी आणवली.

‘कासव घरात ठेवलं की पैसा येतो’ या समजुतीनं नदीतलं कासव उचलून आणणारे अजून आहेत. पैसा येत नाही, गुन्हा दाखल होतो. जाळ्यात कासव अडकलं तर जाळं कापून परत पाण्यात सोडायचं. कासव मेलेले मासे, कुजकं मांस खाऊन नदी साफ ठेवतं. तुरटीनं पाणी निवळतं तसं समजा, कासवानं नदी निवळते.

संध्याकाळ : हरिपूर

वसगडे, नांद्रे करत सांगलीत यायचं आणि दिवस मावळायच्या आत हरिपूर गाठायचं. हळदीच्या पेवांचं गाव. संगमेश्वराच्या देवळामागं कृष्णा आणि वारणा मिळतात. पाच-साडेपाचला इथं बगळे, पाणकावळे थव्यानं झाडांवर परततात. सूर्य पाण्यात उतरताना बघायला सांगलीकर येतातच. बसायचं मात्र वरच्या पायऱ्यांवर. दिवस मावळला की मगरीचं निजायचं नव्हे, उठायचं वेळापत्रक सुरू होतं. शिकारीला ती जास्त करून अंधारातच निघते. त्यामुळं फिरणाऱ्यांचा दिवस इथं संपवायचा.

पण ज्यांचं कामच नदीवर आहे त्यांचं काय?

फिरायला आलेला माणूस संध्याकाळी घरी जातो. नदीकाठच्या शेतकऱ्याचं तसं नाही. वीज रात्रपाळीची असली की मोटार चालू करायला रात्री-अपरात्री काठावर जावं लागतं. फूटव्हॉल्व्हला कचरा अडकला की पाण्यात उतरावं लागतं. जनावरं धुवायला नदीच. मासेमारी करणाऱ्यांचं तर पोटच पाण्यात.

आणि या दिवसांत नदीकाठी आणखी एक मोठा वर्ग असतो, ऊसतोडीच्या टोळ्यांचा. बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून आलेली ही माणसं नदीलगतच्या फडाजवळ कोप्या घालून राहतात. मोठी माणसं पहाटे कोयता घेऊन फडात, आणि लहान पोरं कोपीजवळ. त्यांच्या गावाकडं बारमाही भरलेली नदी क्वचितच. मगर त्यांनी बघितलेली नसते. पाणी दिसलं की तिथंच अंघोळ, तिथंच धुणं, तिथंच पोरांचं खेळणं. मगर काठावर असण्याचा हंगाम आणि ऊसतोडीचा हंगाम एकच आहे. गावच्या माणसाला कुठला डोह वाईट आहे हे माहीत असतं, टोळीला ते कुणी सांगत नाही. एखाद्या आईचं लेकरू त्या न सांगितलेल्या गोष्टीपायी जाऊ नये.

ज्याच्या रानात टोळी उतरली आहे त्या शेतकऱ्यानं पहिल्याच दिवशी मुकादमाला आणि विशेष करून बायकांना बरोबर नेऊन काठ दाखवावा. कोपी पाण्यापासून शक्य तितकी लांब घालू द्यावी. रानात विहीर किंवा बोअर असेल तर अंघोळीला, धुण्याला तिथलं पाणी द्यावं. एका तासाच्या मोटारीनं काही बिघडत नाही.

काठावर काम करताना एवढं पाळा

• एकट्यानं पाण्यापाशी जाऊ नका. दोघं असावेत, एकानं काम करायचं आणि दुसऱ्यानं पाण्यावर नजर ठेवायची.
• पाणी वाकून भरू नका. बादलीला दोर बांधा, लांबून ओढा.
• रोज तीच जागा, तीच वेळ ठेवू नका.
• रात्री जायचंच असेल तर चांगली बॅटरी घ्या आणि जायच्या आधी पाण्यावर मारा. मगरीचे डोळे उजेडात निखाऱ्यासारखे चमकतात.
• जनावरं खोल डोहापाशी नेऊ नका. उथळ, उघडा, स्वच्छ दिसणारा काठ निवडा.
• मोटारीच्या जागेला आणि धुण्याच्या जागेला बांबूचं किंवा लोखंडी जाळीचं कुंपण पाण्यात थोडं आतपर्यंत घाला. चार घरांनी मिळून केलं तर खर्च वाटला जातो.
• चिकनच्या दुकानातला टाकाऊ माल आणि मेलेली जनावरं नदीत टाकू नका. मगर मेलेलं खाते, वासावर येते आणि मग त्या जागेची तिला सवय लागते. पुलावरून टाकलेली एक पिशवी म्हणजे मगरीला दिलेलं आवतण.

मगर इतकी जवळ का आली?

मगर वाढली एवढंच उत्तर पुरं पडत नाही. कोयनेतून सोडलेलं पाणी आणि जागोजागचे बंधारे यामुळं कृष्णा आता उन्हाळ्यातही भरलेली असते. बंधाऱ्यामागचं संथ, खोल पाणी मगरीला हवंच असतं. दुसरीकडं काठ उरले नाहीत. पूर्वी नदी आणि रान यांच्यामधे गवताचा, झाडोऱ्याचा पट्टा असायचा. आता ऊस थेट पाण्याला भिडला आहे. मगरीला ऊन खायला आणि अंडी घालायला जी मोकळी, उंचावरची मातीची जागा लागते ती आपल्याच वाटेवर, आपल्याच मोटारीजवळ आली. महापुरात पाणी रानात शिरतं तेव्हा मगरीही आत येतात आणि पाणी ओसरल्यावर ओढ्यात, विहिरीत, शेततळ्यात अडकतात. त्यात नदीचं पाणी बिघडून मासे मरून तरंगल्याचे प्रकार कृष्णेत घडले आहेत. मासे कमी झाले की मासे खाणारा प्राणी दुसरं काहीतरी शोधणारच.

फेब्रुवारीनंतर जास्त जपायचं

थंडी सरता सरता मगरीचा विणीचा काळ येतो. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान मादी काठाच्या उंच भागात खड्डा करून साधारण पंचवीस-तीस अंडी घालते आणि मातीनं बुजवते. दोन महिन्यांच्या आसपास पिल्लं निघतात. नर होणार की मादी हे खड्ड्यातल्या उष्णतेवर ठरतं. पिल्लं आतून आवाज देतात, मग आई माती उकरते आणि त्यांना तोंडात धरून पाण्यात नेते. ज्या जबड्याची आपल्याला भीती, त्याच जबड्यात वितभर पिल्लू सुखरूप असतं.

या काळात मादी घरट्याच्या आसपास असते आणि एरवी पळून जाणारी मगर तिथं पळत नाही. काठावर ताजी उकरलेली माती आणि शेजारी घसरण दिसली तर तिथून बाजूला व्हा, उकरून बघू नका, आणि वनविभागाला कळवा. काठ जेसीबीनं सपाट करायचा विचार असेल तर या महिन्यांत थांबा.

मगर गावात, विहिरीत, उसात दिसली तर

गर्दी जमवू नका, दोर टाकू नका, काठीनं डिवचू नका. जमिनीवर मगर लांब पळू शकत नाही, पण थोड्या अंतरात तिचा वेग माणसाला चकवतो आणि शेपटीचा तडाखा हाड मोडतो. तिला नदीकडं जायची वाट मोकळी ठेवा. कुत्री, पोरं, जनावरं लांब घ्या. वनविभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६ आहे, त्यावर किंवा जवळच्या वनरक्षकाला, पोलीस पाटलांना कळवा. माणूस जखमी असेल तर ११२ लावा. चावलेली जखम लहान दिसली तरी दवाखान्यात गेलंच पाहिजे, कारण तिच्या दातांतून घाण खोलवर जाते.

मगरीच्या हल्ल्यात माणूस किंवा जनावर गेलं तर शासनाची नुकसानभरपाई मिळते. भरपाईच्या प्राण्यांच्या यादीत वाघ-बिबट्याबरोबर मगरही आहे. अनेकांना हे ठाऊकच नसतं आणि अर्जच होत नाही. त्याच दिवशी वनविभागाला कळवा, पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवू नका, फोटो काढून ठेवा, दवाखान्याचे कागद जपून ठेवा.

उलट मगरीला मारणं, पकडणं, अंडी फोडणं हा पहिल्या अनुसूचीतला गुन्हा आहे. तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. शेपटी धरून काढलेली रील हाच पोलिसांना पुरावा होतो.

मोबाईलचा चांगला वापर

व्हिडिओ जरूर काढा, पण पलीकडच्या काठावरून किंवा पुलावरून. फोटोसोबत तारीख, वेळ, जागा लिहून ग्रुपवर टाका : ‘आज सकाळी दहाला अमुक मोटारीजवळ मगर होती, धुण्याला जाऊ नका.’ असा एक मेसेज गावाच्या उपयोगाचा. दुसऱ्याच जिल्ह्यातला जुना व्हिडिओ ‘आपल्या नदीत आत्ताच’ म्हणून पाठवला की दोन दिवस घबराट होते, आणि खरी मगर आली त्या दिवशी कुणी विश्वास ठेवत नाही.

दुसरीकडं लोक कसे राहतात?

गुजरातमध्ये आणंद जिल्ह्यातल्या मलातज गावच्या तळ्यात मगरी आहेत आणि त्याच तळ्याकाठी गाव नांदतं. तिथं खोडियार देवीचं वाहन मगर मानतात. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या दुर्भाटला पौष अमावस्येला खाजण जमिनीचे शेतकरी चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, त्याला माणगे थापणी म्हणतात. पूजा केली म्हणून मगर चावत नाही असं नाही. पण ती तिथं आहे हे मान्य करून माणसं आपलं वागणं ठरवतात, तिची वेळ आणि जागा ओळखतात. आपल्या गंगामाईचं वाहनही मकरच आहे.

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, असं आपल्याकडं म्हणतात. नदीकाठी राहून मगरीशी वैरही नको आणि सलगीही नको. या थंडीत एखादा रविवार काढून घरच्यांना घेऊन निघा. पुलावर उभं राहून पोरांना मगर दाखवा, ती कुठं बसते, कधी उठते ते सांगा. आणि येताना वाटेत नदीकाठी कोप्या दिसल्या तर पाच मिनिटं थांबून त्यांनाही तेवढंच सांगा.